कच्च्या मडक्याची सोबत

प्रस्तावना

मरोळ गावठाणाला लागून असलेल्या आमच्या चाळीत दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठ होतो. खोली दहा बाय बाराची. वीस-बावीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, उरलेली दारात आणि गॅलरीत उभी राहतात. विमानतळ जवळच, त्यामुळे मध्येच डोक्यावरून विमान जातं आणि शब्द ऐकू येईनासे होतात. टाळ मात्र थांबत नाहीत. विमान पुढं गेलं की सगळे त्याच चरणावर, त्याच ठेक्यात सापडतात.

या खोलीत एक रीत आहे. नवीन मुलगा आला की त्याला कडेला बसवत नाहीत; दोन मुरलेल्या टाळकऱ्यांच्या मध्ये बसवतात. टाळ हातात घेणं सोपं, ठेक्यात ठेवणं अवघड. त्याचा ठेका सुटला तरी कोणी वळून बघत नाही, कोणी त्याला थांबवत नाही. शेजारचे काका आपले टाळ त्याच्या कानाजवळ थोडे वर उचलतात, एवढंच. पाच-सहा एकादश्या गेल्या की त्या मुलाचा हात ठेका धरायला लागतो. ठेका कुणी शिकवला म्हणून विचारलं, तर त्याला कुणा एकाचं नाव सांगता येत नाही.

अशाच एका एकादशीला, हरिपाठ संपून खिरापत वाटली जात असताना, गंगाखेडकडच्या एका आजींनी हरिपाठ सांगणाऱ्या बुवांना विचारलं, ‘माउली, जनी नामदेवांच्या घरी आली नसती, तर ती जनाबाई झाली असती का?’ बुवा उत्तर द्यायच्या आत आजींनीच पुढचा प्रश्न टाकला : ‘आणि जनी त्या घरात नसती, तर नामदेव तरी नामदेव झाले असते का?’

त्या दोन प्रश्नांतून हे पुस्तक निघालं. पुढं वर्षभर दर एकादशीला हरिपाठानंतर अर्धा तास कोणी ना कोणी या विषयावर बोललं. बोलणाऱ्यांत एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते, रिक्षा चालवणारे दोघं होते, शाळेतल्या बाई होत्या, इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर होत्या आणि गावठाणातले, क्रुसाशेजारी राहणारे एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थही होते. त्यातली अकरा भाषणं निवडून, पुन्हा लिहून काढून इथं दिली आहेत. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं. लेखांत जे सविस्तर आहे ते मी पुन्हा सांगणार नाही. या सगळ्या लेखांच्या मुळाशी असलेला विषय, म्हणजे माणसाच्या साधुत्वात त्याच्या सोबतीचा वाटा किती आणि ती सोबत नेमकं काय करते, एवढाच वाचकापुढं मांडतो.

आपल्याकडे संतांची चित्रं बहुधा एकेकट्याची काढलेली असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्ञानेश्वर एकटे बसलेले, तुकोबा एकटे वीणा घेतलेले, जनाबाई एकटीच जात्यापाशी. त्या चित्रांमुळे आपली एक समजूत होते की साधुत्व ही आत उगवणारी गोष्ट आहे, बाहेरची माणसं फार तर तिचे साक्षीदार. पण चरित्रं उघडली की या चित्रांत गर्दी दिसायला लागते. भाऊ, बहीण, बायको, दासी, शेजारी, लिहून घेणारा, भांडणारा, दार ठोठावणारा. आणि त्या गर्दीतल्या कुणाला तरी बाजूला काढलं, तर मधला संत तसाच उभा राहील याची खात्री देता येत नाही.

यातली सर्वांत बोलकी कथा तेरची आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गोरोबाकाकांचं गाव. कथा सांगते की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव अशी सगळी मंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. कोपऱ्यात कुंभाराचं थापटणं पडलेलं होतं. मुक्ताईनं विचारलं, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आम्हालाही बघा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेवांपाशी आल्यावर मात्र नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं.

या कथेत थोडं थांबायला हवं. नामदेव तेव्हा कुणी सामान्य माणूस नव्हते. विठ्ठल ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, ज्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती. देवाशी इतकी जवळीक असलेल्या माणसात काय कमी होतं? कमी हे होतं की देव त्यांचे लाड करत होता. कच्चं आहेस असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला एक कुंभार लागला, आणि तपासायला लावणारी, वयानं लहान असलेली एक मुलगी लागली. नामदेव रडत पंढरपूरला गेले. देवानं त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर असं सांगितलं आणि त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं. देव भेटल्यावरही माणसाची गरज संपत नाही, असं सांगणारी ही गोष्ट वारकऱ्यांनी जपून ठेवली आहे, यातच त्या पंथाचा स्वभाव दिसतो.

आमच्या फिटरकाकांनी आपल्या लेखात थापटण्याचं काम समजावून सांगितलं आहे. त्यांचं बालपण कुंभारवाड्याशेजारी गेलं. चाकावरून उतरवलेलं मडकं ओलं असतं, बूड जाड असतं. कुंभार एका हातानं आतून दगडी गोळा धरतो आणि दुसऱ्या हातानं बाहेरून थापटणं मारतो. प्रत्येक थाप आतल्या गोळ्यावर झेलली जाते. आतला हात काढला, तर पहिल्याच थापेला मडकं फुटेल. बाहेरची थाप थांबवली, तर ते बेढब राहील आणि भट्टीत तडकेल. कबीरांनीही गुरूला कुंभार म्हटलं ते याच कारणानं. सोबतीचं काम इतकं सोपं आणि इतकं कठीण आहे : एक हात आतून, एक हात बाहेरून. नुसती थाप देणारे पुष्कळ भेटतात, नुसता आधार देणारेही भेटतात. दोन्ही हात एकाच माणसाचे असणं दुर्मिळ, आणि जिथं ते असतात तिथं संत घडतात.

नामदेवांचं पुढं काय झालं ते पाहा. ज्याला कच्चं म्हटलं, तो माणूस पुढं अनेकांची भट्टी झाला. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, तेव्हा त्या वियोगाचं वर्णन नामदेवांच्याच अभंगांतून आपल्यापर्यंत आलं. पुढं ते पंजाबात गेले. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. घरी आई गोणाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं आणि दासी जनी, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एका शिंप्याच्या घरात दळण, शिवण आणि अभंग एकाच वेळी चालत होते.

आणि जनी. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची पोर, लहानपणीच नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली. परंपरा सांगते की लहानग्या नामदेवाला तिनं सांभाळलं. म्हणजे नामदेवांच्या सगळ्या संगतीत पहिली संगत तिची. तिनं कुठला ग्रंथ शिकून भक्ती मिळवली नाही. ज्या घरात ती शेण काढत होती, पाणी भरत होती, त्या घरातलं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर दळायला बसतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. देव राबणारा असतो ही कल्पना तिनं आपल्या राबण्यातून त्या घराला दिली. नामदेवांनी देवाला जवळ आणलं. जनीनं त्याला जात्याच्या खुंट्याला हात लावायला लावला. आजींचे दोन प्रश्न म्हणूनच एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी लख्ख दिसते. गुरू कोण, तर थोरला भाऊ. नेवाशाला १२९० साली भावार्थदीपिका सांगितली, ती उतरून घ्यायला सच्चिदानंदबाबा. आणि लोकांच्या टोचून बोलण्यानं मन विटून ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून समजूत घालणारी धाकटी बहीण. ताटीचे अभंग म्हणून मुक्ताईचे जे अभंग प्रसिद्ध आहेत, ते याच प्रसंगाचे. ज्यानं सगळ्या जगाच्या खळांची व्यंकटी सांडावी असं मागितलं, त्याला एकदा जगाचा राग आला होता, आणि तो राग घालवायला घरचंच माणूस दाराशी आलं होतं. शाळेतल्या बाईंनी आपल्या लेखात यावर जे लिहिलं आहे ते सुंदर आहे : पसायदान ज्या मनातून आलं, त्या मनाचं दार आतून बंद झालं तर ते उघडवणारं कुणीतरी बाहेर असावं लागतं.

तुकोबांच्या भोवती चौदा टाळकरी होते. त्यांत तेली होते, वाणी होते, ब्राह्मण होते. संताजी जगनाडे हे घाण्यावर काम करणारे. त्यांच्या हातच्या वह्यांतून तुकोबांचे अभंग टिकले. भाऊ कान्होबा सोबतीला. बायको जिजाई, जिला आपण आवली म्हणतो, भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जात होती. तिच्या कटकटीच्या गोष्टी आपण फार सांगितल्या, तिच्या पायपिटीच्या कमी. डोंगरावर बसलेल्या माणसाचं पोट भरलेलं राहणं हीसुद्धा संगतच आहे, आणि तिचा हिशेब चरित्रात लागत नाही.

पण तुकोबांच्या संगतीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते वाघोलीचे रामेश्वर भट. त्यांनीच तुकोबांना विरोध केला. शूद्रानं असं लिहू नये म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या, त्यामागं त्यांचाच निवाडा होता असं चरित्रकार सांगतात. तेच रामेश्वर भट पुढं टाळ घेऊन तुकोबांच्या मागं उभे राहिले, त्यांनी तुकोबांवर अभंग आणि आरती रचली. संगत म्हणजे आपल्यासारख्यांचा घोळका नव्हे, हे इथं कळतं. ज्यानं आपलं सर्वस्व पाण्यात टाकायला लावलं, त्यालाही शेजारी उभं राहायला जागा ठेवायची, हे तुकोबांचं मोठेपण. आणि तिथं येऊन उभं राहायचं, हे रामेश्वर भटांचं. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं, तेव्हा त्यांच्या यजमानांना ते मान्य नव्हतं. पुढं तेही देहूला आले. बहिणाबाईंनी हे सगळं आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं आहे. एका माणसाची वाट बदलली की त्याच्या भोवतीच्या माणसांची वाटही कशी सरकत जाते, याचा तो जिवंत दस्तऐवज आहे.

इथवर गोष्ट गोड आहे. पण संगतीची महती सांगताना तिचं अपयश लपवलं, तर हे पुस्तक खोटं ठरेल. मंगळवेढ्याचे चोखोबा. नामदेव त्यांचे जिवलग. चोखोबांच्या घरातली सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा ही सगळी अभंग रचणारी माणसं. संतांच्या मेळ्यात चोखोबांना स्थान होतं, कथांमध्ये देव त्यांच्या घरी जेवत होता, पण अस्पृश्य म्हणून पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला कुसू बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेव तिथं गेले. कथा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखून नामदेवांनी गोळा केली आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. पुढं नामदेवांची पायरीही तिथंच झाली.

मित्रानं हाडं वेचली, ही संगत. पण जिवंत असताना मित्राला आत नेता आलं नाही, ही त्या काळाची आणि त्या संगतीचीही मर्यादा. कर्ममेळ्याच्या अभंगांतला सल वाचला की कळतं, त्या घराला हे विसरता आलं नव्हतं. संतांचा मेळा भजनात सगळ्यांना समान म्हणत होता, आणि देवळाचं दार त्याच्या हाती नव्हतं. दार उघडायला त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षं लागली. ते कुणी उघडलं, याची गोष्ट पुन्हा संगतीचीच आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. अठराव्या रविवारी, १९ जूनला, ते पूर्ण झालं. समोर बसून साने गुरुजी ते उतरून घेत होते. आज आपण ज्याला ‘गीता प्रवचने’ म्हणतो, ते पुस्तक त्या लेखणीमुळे राहिलं. सच्चिदानंदबाबा आणि ज्ञानदेव, संताजी आणि तुकोबा, साने गुरुजी आणि विनोबा. मराठी भक्तीच्या मोठ्या ग्रंथांमागं लिहून घेणारा एक सोबती पुन्हा पुन्हा दिसतो. लिहून घेणं म्हणजे दुसऱ्याचं वाक्य आपल्या हातातून जाऊ देणं. ते हाताला काहीतरी करून जातंच.

पंधरा वर्षांनी साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते, राष्ट्र सेवा दलाची मुलं-मुली होती. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे ला ते सुटलं आणि नामदेवांची पायरी ओलांडून माणसं आत गेली. त्या दिवशी आत गेलेल्या माणसांबरोबर चोखोबा गेले, असं आमच्या खोलीतले लोक मानतात. मीही मानतो. जी संगत एका पिढीत अपुरी पडते, ती पुढच्या पिढ्यांवर ऋण म्हणून राहते. आणि त्या ऋणाची आठवण ठेवणारा माणूस जिथं भेटतो, तिथं ती पुरी होते.

आता थोडं मरोळविषयी. हे पुस्तक इथं झालं याला अर्थ आहे. आमच्या खोलीतून चालत जाता येईल अशा अंतरावर कोंडिवट्याची लेणी आहेत. लोक त्यांना महाकाली गुंफा म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत खोदलेली ही १९ लेणी. नवव्या लेण्यात गोल झोपडीसारखी दगडी खोली आहे, तिच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या आहेत आणि आत स्तूप आहे. बाकीची बरीच लेणी म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी एकत्र राहायचं, हा वर्षावास. तो संपला की पवारणा होई : प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठही, संघापुढं बसून विनंती करी की माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल, त्याची शंका आली असेल, तर मला सांगा. थापटणं आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, अशीच ही रीत. पालि ग्रंथांत आनंदाची एक कथा आहे. आनंद बुद्धाला म्हणाला की चांगली मैत्री म्हणजे अर्धं धर्मजीवन आहे. बुद्धानं त्याला दुरुस्त केलं : अर्धं नव्हे, सगळंच. सिस्टरबाईंचा लेख या कथेवर आहे. रात्रपाळीत शेजारची सिस्टर जागी असली की आपणही जागे राहतो, या अनुभवातून त्यांनी तो लिहिला आहे.

त्याच कोंडिवट्यात, आता सीप्झच्या आवारात, एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज काळात १५७९ साली ते बांधलं गेलं. १८४० च्या सुमारास साथ आली, लोक तिथून उठले, मरोळला आले आणि इथं त्यांचं चर्च उभं राहिलं. गावठाणातल्या क्रुसांपाशी आजही मे महिन्यात शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात. त्या गावठाणातल्या आमच्या मित्रांनी वसईच्या गोन्सालो गार्सियावर लिहिलं आहे. आमच्यातल्या पुष्कळांना हे नावही माहीत नव्हतं.

कोंडिवट्याचं चर्च उभं राहत होतं, त्या काळात वसईत जन्मलेला हा तरुण जपानमध्ये होता. लहानपणी येशूसंघी धर्मगुरूंच्या सहवासात वाढला, त्यांच्याबरोबरच पंधरा-सोळाव्या वर्षी जपानला गेला, तिथली भाषा शिकला. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा अशी त्याची फार इच्छा होती. तो मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला. व्यापारासाठी फिरता फिरता मनिलाला फ्रान्सिस्कन साधूंची संगत लागली आणि तो त्यांच्यात ब्रदर झाला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर त्याला क्रुसावर चढवलं गेलं. एकटा नव्हता, २६ जण होते. त्यांतले बहुतेक जपानी, पुष्कळ साधी प्रापंचिक माणसं, काही तर लहान मुलं. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. हा वसईचा संत जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भाषेच्या माणसांमध्ये घडला, आणि एका संगतीनं दार लावलं तेव्हा दुसरीनं उघडलं. आमचे मित्र लिहितात की त्याच्या नावाची प्रार्थना करताना ते उरलेल्या पंचवीस जणांचीही आठवण करतात. मला ही फार मोठी शिकवण वाटली.

संगतीविषयी एक सावधगिरी सांगायला हवी, कारण आज सत्संग हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मोठा मंडप, मोठा आवाज, व्यासपीठावर एक जण आणि समोर हजारो. कुणीच कुणाच्या हाताच्या अंतरावर नाही. तिथं थापटणं पोचत नाही आणि आधाराचा हातही पोचत नाही. गाडगेबाबांना हे कळलं होतं. हजारो लोक त्यांच्या कीर्तनाला येत, पण ते कुणाला पाया पडू देत नसत आणि आपला कुणी शिष्य नाही असं बजावून सांगत. कीर्तनात ते समोरच्याला प्रश्न विचारत आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढं जात नसत. हजारोंच्या गर्दीतही त्यांनी आपलं थापटणं प्रत्येकाच्या डोक्यापर्यंत पोचवलं. ज्या संगतीत आपल्याला कुणी कधीच कच्चं म्हणत नाही, ती संगत कितीही पवित्र दिसो, ती आपल्याला घडवत नाही, एवढं या पुस्तकाचं म्हणणं आहे.

हे मी अनुभवानं लिहितो. पहिल्याच वर्षी माझं या खोलीत भाषण झालं. मी पुष्कळ वाचून आलो होतो, पुष्कळ बोललो, लोकांनी कौतुक केलं. सगळे गेल्यावर एक वृद्ध टाळकरी म्हणाले, ‘छान बोललात. पण जनीबद्दल बोलताना तुम्ही एकदाही दळणाचं नाव घेतलं नाही.’ मला राग आला. घरी जाताना कळलं की राग येणं हेच मडकं कच्चं असल्याचं लक्षण. पुढच्या एकादशीला ते काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपले टाळ माझ्या हातात दिले. थाप देणारा हात आणि आधार देणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुस्तक वाचताना वाचकांनी एक करावं. हे लेख विद्वानांचे नाहीत. चरित्रातल्या कथा आणि इतिहास यांची सरमिसळ टाळायचा आम्ही प्रयत्न केला आहे. जिथं कथा आहे तिथं ती कथा म्हणूनच सांगितली आहे. पण शेकडो वर्षं लोकांनी ज्या कथा सांभाळल्या, त्या त्यांनी आपल्यासाठी काही हेतूनं सांभाळल्या, आणि त्यांच्यात संतांइतकंच त्यांच्या सोबत्यांना स्थान दिलं, हे लक्षात घेऊन वाचावं. लेख एकट्यानं वाचण्यापेक्षा दोघातिघांनी मोठ्यानं वाचले तर अधिक बरं. ते बोलले गेले आहेत, ऐकण्यासाठीच आहेत.

आजींच्या प्रश्नाला बुवांनी त्या रात्री उत्तर दिलं नाही. वर्षभर कुणीच ते एका वाक्यात दिलं नाही. हे पुस्तक छापायला जाण्यापूर्वी आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्या शेजारी कोण बसतं ते मला आता जास्त दिसतं.’ याहून वेगळी पावती आम्हाला नको.

वाचकहो, तुमच्या घरात, चाळीत, कामाच्या जागी तुमच्या शेजारी कोण बसलं आहे ते बघा. त्यांच्यातला एखादा तुम्हाला तुमचं कच्चेपण सांगू शकत असेल, तर त्याला दूर करू नका. आणि तुमच्या शेजारी एखादा नवीन माणूस ठेका चुकत बसला असेल, तर त्याला टोकू नका. आपले टाळ त्याच्या कानाजवळ थोडे वर उचला.

मरोळ, मुंबई
कार्तिकी एकादशी